विश्लेषण : प्लग का तापतो? एमसीबी असूनही घराला आग कशी लागते?

घराला लागलेल्या आगीच्या बातमीत ‘प्राथमिक अंदाजानुसार शॉर्टसर्किटमुळे आग लागली’ हे वाक्य बहुतेकदा असतेच. प्रत्यक्षात शॉर्टसर्किट हा अनेकदा या घटनेचा शेवट असतो. त्याआधी कित्येक आठवडे एखादा प्लग, अ‍ॅडॅप्टर किंवा एक्स्टेंशन बोर्ड रोज थोडा थोडा तापत असतो. आतील प्लास्टिक करपते, तारेवरचे आवरण कडक होऊन तडकते आणि एके दिवशी दोन तारा एकमेकींना भिडतात. एमसीबी पडतो तोवर ठिणगी पडद्यापर्यंत किंवा गादीपर्यंत पोहोचलेली असू शकते. मग आधीचे तापणे सुरू असताना एमसीबीला काहीच कसे कळत नाही? प्लग आणि अ‍ॅडॅप्टर अधिक सुरक्षित करता येतात का?

६ आणि १६ या आकड्यांचा अर्थ काय?

भारतातील घरांत दोन प्रकारचे थ्री-पिन प्लग वापरले जातात. बारीक पिनांचा ६ अ‍ॅम्पिअरचा आणि जाड पिनांचा १६ अ‍ॅम्पिअरचा. इलेक्ट्रिशियनच्या बोलण्यात अजूनही ‘पाच’ आणि ‘पंधरा’ हेच आकडे येतात, कारण या प्लगची रचना जुन्या ब्रिटिश ५ आणि १५ अ‍ॅम्पिअरच्या गोल पिनांच्या प्लगवरून आली आहे. आपल्याकडे वीजदाब २३० व्होल्ट असतो. त्यामुळे ६ अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटवर जास्तीत जास्त १३८० वॅट, तर १६ अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटवर ३६८० वॅटचा भार टाकता येतो. मोबाइल चार्जर, टीव्ही, पंखा, मिक्सर, साधी इस्त्री ही उपकरणे पहिल्या गटात सहज बसतात. २००० वॅटची इंडक्शन शेगडी मात्र ८.७ अ‍ॅम्पिअर आणि १५०० वॅटची किटली किंवा पाणी तापवण्याचा रॉड ६.५ अ‍ॅम्पिअर प्रवाह घेतो. म्हणजे ही उपकरणे एकेकटीदेखील ६ अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटला जड आहेत. जाड पिना बारीक भोकांत जाऊ नयेत, हीच मुळात सुरक्षेची पहिली व्यवस्था आहे.

भार अडीचपट झाला तर उष्णता किती वाढते?

तारेत किंवा पिनेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. स्वयंपाकघरातील ६ अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटला एक्स्टेंशन बोर्ड लावून त्यावर २००० वॅटची शेगडी आणि १५०० वॅटची किटली एकाच वेळी सुरू केली, तर एकूण भार ३५०० वॅट, म्हणजे सुमारे १५.२ अ‍ॅम्पिअर होतो. सॉकेटच्या क्षमतेच्या हे सुमारे अडीचपट आहे, पण उष्णता सहापटीहून अधिक वाढते. एक्स्टेंशनची तार लांब आणि बारीक असेल, तर तीही सोबत तापते. तार गुंडाळून ठेवलेली असेल किंवा गालिच्याखालून नेलेली असेल, तर ती उष्णता बाहेर पडायलाही वाट राहत नाही. घरगुती तारांवरील साधे पीव्हीसी आवरण साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या सततच्या तापमानासाठी बनवलेले असते. त्यापुढे ते मऊ पडते, काळवंडते आणि वर्षानुवर्षांचे आयुष्य काही महिन्यांत संपते.

मग एमसीबी का पडत नाही?

वरील उदाहरणात सर्किटवर १६ अ‍ॅम्पिअरचा एमसीबी असेल, तर तो पडणारच नाही. त्याच्या दृष्टीने १५.२ अ‍ॅम्पिअर हा नेहमीचा भार आहे. एमसीबी बसवलेला असतो तो भिंतीतील तारेच्या रक्षणासाठी. त्या तारेच्या टोकाला ६ अ‍ॅम्पिअरचे सॉकेट आहे की १६ चे, त्यात स्वस्तातला अ‍ॅडॅप्टर खोचला आहे का, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. शिवाय एमसीबीवर लिहिलेला आकडा ओलांडताच तो तत्काळ पडतो, हाही गैरसमज आहे. मानकानुसार क्षमतेच्या १.१३ पट प्रवाह तासभर वाहिला तरी त्याने पडू नये आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभराच्या आत पडावे, अशी अपेक्षा असते. १६ च्या एमसीबीसाठी हे आकडे सुमारे १८ आणि २३ अ‍ॅम्पिअर होतात. तार थोडा वेळ जास्त भार सोसू शकते, म्हणून ही सवलत असते. शॉर्टसर्किटसारख्या प्रचंड प्रवाहाला मात्र तो क्षणार्धात तोडतो.

आरसीसीबी असला तरी या बाबतीत फरक पडत नाही. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत तफावत आली, म्हणजे वीज शरीरातून किंवा भिंतीतून जमिनीकडे गळू लागली, की तो पडतो. घरात सहसा ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी बसवतात. विजेच्या धक्क्यापासून तो जीव वाचवतो, पण तापलेला प्लग त्याला दिसत नाही.

भार योग्य असतानाही प्लग का जळतो?

याचे उत्तर सैल संपर्कात आहे. सॉकेटच्या आत पितळी पट्ट्या असतात आणि त्या प्लगच्या पिनेला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात. वारंवार काढघाल केल्याने, वजनदार अ‍ॅडॅप्टर लटकल्याने किंवा पट्टीच हलक्या दर्जाची असल्याने ही पकड सुटते. मग पिन आणि पट्टी पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एखाद-दोन बिंदूंवरच टेकतात आणि सगळा प्रवाह तेवढ्याशा जागेतून जातो.

२००० वॅटच्या गिझरचे उदाहरण घेऊ. ८.७ अ‍ॅम्पिअर प्रवाहाला संपर्काचा रोध काही सहस्रांश ओहम असेल, तर तेथे अर्ध्या वॅटहूनही कमी उष्णता तयार होते. हाच रोध वाढून ०.१ ओहम झाला, तर साडेसात वॅटहून अधिक उष्णता तयार होते. एका एलईडी बल्बइतकी ही शक्ती ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत सतत ओतली जाते. या बिघाडामुळे गिझरला मिळणारा वीजदाब एका व्होल्टनेही घटत नाही. पाणी तापते, दिवा मंद होत नाही, एमसीबीला प्रवाहात वाढ दिसत नाही. पिन मात्र तापत राहते. तापल्याने धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, पट्टीचा ताण कमी होतो, त्यामुळे रोध आणखी वाढतो आणि उष्णताही वाढते. हे चक्र आपोआप थांबत नाही. तारेचा स्क्रू ढिला असला तरी हेच घडते. जुन्या इमारतींत अ‍ॅल्युमिनियमची तार असेल, तर धोका अधिक, कारण अ‍ॅल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबते आणि त्यावर वीज न वाहणारा थर लवकर चढतो.

वेळेचा संबंध काय?

किटली चार-पाच मिनिटांत बंद होते आणि प्लगला निवायला वेळ मिळतो. एसी रात्रभर चालतो. विजेवरच्या स्कूटरचा चार्जर तुलनेने कमी प्रवाह घेत असला, तरी काही तास सलग घेतो आणि तेही बहुधा घरातील माणसे झोपलेली असताना. सैल संपर्काला दीर्घकाळ चालणारा भार सर्वाधिक घातक ठरतो. मोटारींच्या काही पोर्टेबल चार्जिंग केबलच्या प्लगमध्येच तापमान मोजणारा संवेदक बसवलेला असतो, तो याच कारणामुळे. पिन तापू लागली की चार्जर प्रवाह कमी करतो किंवा चार्जिंग थांबवतो.

अ‍ॅडॅप्टरमध्ये नेमका दोष कुठे असतो?

प्रत्येक अ‍ॅडॅप्टर साखळीत संपर्काच्या आणखी काही जागा वाढवतो. भिंतीतील सॉकेटपासून अ‍ॅडॅप्टर, अ‍ॅडॅप्टरपासून एक्स्टेंशन, एक्स्टेंशनपासून उपकरण अशी जोडणी केली, तर सगळ्या उपकरणांचा भार पहिल्या प्लगमधून जातो. सर्वांत धोकादायक ठरतो तो जाड पिनांचा प्लग बारीक भोकांच्या सॉकेटमध्ये बसवून देणारा कन्व्हर्टर. जाड आणि बारीक पिनांच्या भेदातून मिळालेले संरक्षण तो थेट काढून टाकतो. कोणत्याही देशाची पिन बसावी म्हणून केलेल्या ‘युनिव्हर्सल’ भोकांतही पकड बऱ्याचदा अपुरी असते, कारण गोल आणि चपटी, जाड आणि बारीक अशा सगळ्या पिनांना एकच पट्टी सारखी घट्ट धरू शकत नाही. स्वस्त अ‍ॅडॅप्टरमध्ये पितळेऐवजी मुलामा दिलेले लोखंड आणि ज्वालारोधक नसलेले प्लास्टिक वापरले जाते, तेव्हा या दोषांत भर पडते.

स्पाइक गार्डविषयीही गैरसमज आहे. वीजदाबात अचानक येणारी उसळी शोषून घेणे हे त्याचे काम. त्यावर शेगडी, हीटर आणि इस्त्री एकत्र लावण्याची मुभा त्यामुळे मिळत नाही. भाराविरुद्ध संरक्षण हवे असेल, तर त्यात वेगळा ओव्हरलोड कट-ऑफ असावा लागतो.

प्लग अधिक सुरक्षित कसा करता येतो?

ब्रिटनने १९४७ मध्ये नव्या चौकोनी पिनांच्या प्लगचे मानक आणले, तेव्हा प्रत्येक प्लगच्या आत फ्यूज बसवणे आवश्यक केले. तेथील घरांत एकाच मोठ्या क्षमतेच्या वर्तुळाकार सर्किटवर अनेक सॉकेट असत. त्यामुळे प्रत्येक उपकरणाच्या बारीक तारेचे रक्षण प्लगनेच करणे भाग होते. तेथे टेबल लॅम्पसाठी ३ आणि किटलीसाठी १३ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज वापरतात. भारतात जुनीच गोल पिनांची रचना चालू राहिली आणि आपल्या साध्या प्लगमध्ये फ्यूज नसतो.

एक्स्टेंशन बोर्डात हे काम रिसेट बटण असलेला छोटा ब्रेकर करू शकतो. त्याची क्षमता बोर्डच्या तारेशी आणि प्लगशी जुळणारी असेल, तर एकूण भार वाढताच तो वीज तोडतो. मात्र फ्यूज असो वा ब्रेकर, दोन्ही प्रवाहावर काम करतात. सैल पिनेची उष्णता ओळखायची, तर पिनेजवळ तापमान ओळखणारा घटक हवा. ठरावीक तापमानाला वाकून संपर्क तोडणारी द्विधातूची पट्टी किंवा एकदाच वितळणारा थर्मल फ्यूज ही त्याची दोन परिचित रूपे आहेत. पहिली निवल्यावर पुन्हा जोडली जाऊ शकते, दुसऱ्यानंतर प्लग बदलावाच लागतो. यात किंमत वाढते, जागा लागते आणि हा घटक पिनेपासून दूर बसवला तर त्याचा उपयोग राहत नाही. म्हणून सर्वांत मोलाची सुधारणा आजही साधीच आहे. जाड पितळी पट्टी, घट्ट पकड, पुरेशा जाडीची तांब्याची तार आणि पेट न घेणारे आवरण.

मानके काय सांगतात?

भारतात घरगुती प्लग आणि सॉकेटसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १२९३ हे मानक आहे. २५० व्होल्ट आणि १६ अ‍ॅम्पिअरपर्यंतची उत्पादने त्यात येतात. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०८८४-१, पूर्ण भारावर संपर्कजोडांचे तापमान भोवतालच्या तुलनेत ४५ अंशांहून अधिक वाढू देत नाही. प्लास्टिकला लालबुंद तापवलेली तार टेकवून ते पेट घेते का, हेही पाहिले जाते. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक असायला हवा. हा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर टाकून खरा की खोटा ते पाहता येते.

घरात काय तपासावे?

- जड भाराचे उपकरण १५-२० मिनिटे चालल्यावर ते बंद करून प्लगच्या प्लास्टिकला हात लावावा. कोमट असेल तर ठीक. बोट टेकवून ठेवता येत नसेल, तर तो प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलावेत. एकच बदलल्यास जळालेली पट्टी नव्या पिनेलाही खराब करते.
- सॉकेटभोवती पिवळट-तपकिरी डाग, पिनेवर काळेपणा, चरचर आवाज, करपट किंवा मासळीसारखा वास ही आतून तापत असल्याची लक्षणे आहेत.
- प्लग स्वतःच्या वजनाने खाली झुकत किंवा निसटत असेल, तर पकड सुटलेली आहे. कागदाची घडी घालून किंवा पिना फाकवून तो बसवणे हा उपाय नव्हे.
- गिझर, एसी, इंडक्शन, ओव्हन, हीटर थेट भिंतीतील १६ अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटवरच लावावेत. एका एक्स्टेंशनला दुसरे जोडू नये.
- नवा अ‍ॅडॅप्टर घेताना पिनेला लोहचुंबक लावून पाहावे. पितळ चिकटत नाही, मुलामा दिलेले लोखंड चिकटते.
- एमसीबी वारंवार पडत असेल, तर जास्त अ‍ॅम्पिअरचा एमसीबी बसवून घेऊ नये. भिंतीतील तार तेवढीच राहते आणि तिचे संरक्षण जाते.
- प्लगमधून धूर निघाल्यास आधी मेन स्विच बंद करावा. वीज सुरू असताना पाणी ओतू नये. आग आटोक्यात नसेल, तर घराबाहेर पडून १०१ किंवा ११२ वर कळवावे.

जुन्या घरांतील वायरिंग दोन दिवे, एक पंखा आणि फार तर फ्रिज एवढ्या हिशेबाने झाले होते. त्याच तारांवर आता इंडक्शन, एसी आणि स्कूटरचा चार्जर आला आहे. सॉकेट कमी पडतात म्हणून अ‍ॅडॅप्टर येतो. त्याऐवजी मीटरबोर्डपासून स्वतंत्र तार ओढून, स्वतंत्र एमसीबीसह १६ अ‍ॅम्पिअरचे एक सॉकेट वाढवून घेणे खर्चिक वाटते. पण अतिरिक्त भाराची अडचण त्यानेच मुळातून सुटते. ते करताना स्क्रू घट्ट आवळलेले आहेत ना, एवढे मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायला हवे.