यंत्रभुजेची हद्द

मोटारींच्या कारखान्यात जाळीच्या कुंपणाआड विजेच्या वेगाने वेल्डिंग करणारी यंत्रभुजा, तिला नवे काम शिकविण्यासाठी कारागीर आत शिरताच इतकी संथ का होते? आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्या वेळी तिचा वेग सेकंदाला 250 मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये, जेणेकरून माणसास बाजूला सरण्यास अवधी मिळावा. खुंट्याच्या बैलास जसे दावे, तसे तिच्या सांध्यांतील पोलादी अडसर तिची हद्द मुक्रर करतात. परंतु सर्वांत विचारपूर्वक योजलेली मला वाटते ती कारागिराच्या हातातील कळ: ती मध्यम दाबली तरच भुजा हलते, सोडली तर थांबते आणि घाबरून आवळली तरीही थांबते, कारण भयाने मूठ सुटेल की मिटेल, हे आधी सांगता येत नाही. ही कळ चिकटपट्टीने बांधून ठेवण्याचा मोह कोणीही धरू नये.