चाकांच्या फळीचा बोलपट

स्केटबोर्ड म्हणजे मेपल लाकडाचे सात पातळ थर चिकटवून केलेली, सुमारें आठ इंच रुंदीची फळी; खालीं चार लहान चाकें. स्वार तिच्यावर नुसता उभा असतो, पाय कोठेंही बांधलेले नसतात. मागल्या टोंकावर पायाचा ठोसा देऊन व पुढला पाय घासत वर नेऊन तो फळीसह उडी घेतो. या उडीस ‘ऑली’ म्हणतात. अमेरिकेंत १९८० च्या थोडें आधीं ॲलन गेलफंड यानें ती वक्र भिंतीच्या हौदांत साधली व पुढें रॉडनी मलन यानें ती सपाट जमिनीवर आणली. तेव्हांपासून शहरांतील पायऱ्या, कठडे, बांकें व दगडी ओटे हींच या खेळाचीं मैदानें झालीं.

मैदान असें गांवभर पसरलेलें. पंच नाहीं, गुणफलक नाहीं. मग कोण किती पाण्यांत आहे हें ठरावें कसें? स्पर्धा होतात, २०२१ सालीं तोकियोच्या ऑलिंपिकमध्येंही हा खेळ झाला. तथापि रस्त्यावरील धंदेवाईक स्वाराची पत ठरते ती चित्रफितीवरून.

फळ्या, चाकें वा बूट करणारी कंपनी आपल्या पदरच्या स्वारांची फीत काढते. ती जाहिरातच असते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु इतर जाहिरातींत खोटेपणास जी मुभा असते ती येथें नाहीं. प्रत्येक स्वारास कांहीं मिनिटांचा ‘भाग’ मिळतो, व सर्वांत अखेरचा भाग मिळणें हा मान समजतात. एवढ्याशा भागासाठीं पुष्कळदां दोन-तीन वर्षें खर्चीं पडतात. याला कारण एक अलिखित पण कडक नियम. उडी घेण्यापासून खालीं उतरून फळीवरच पुढें निघून जाईपर्यंतचें दृश्य एकसंध हवें; मध्यें कात्री चालवावयाची नाहीं. हात जमिनीस टेकला कीं डाव फुकट गेला. शिवाय एकानें ज्या जिन्यावर जो डाव केला तोच दुसऱ्यानें तेथें करण्यांत भूषण नाहीं; त्यामुळें कोणत्या पायऱ्यांवर कोणीं काय केलें याची वंशावळच या मंडळींस मुखोद्गत असते.

छायालेखकाचें काम विशेष कुतूहलाचें आहे. तोही फळीवरच उभा असतो, आणि कॅमेरा जमिनीपासून वीत-दोन विती उंचीवर धरून स्वाराच्या मागोमाग धांवतो. त्याचीं चाकें मऊ असतात, नाहीं तर त्यांचाच खडखडाट ध्वनिमुद्रणांत उतरावयाचा! भिंग मत्स्यनेत्र जातीचें. तें पायरी उंच व वेग अधिक भासवितें, पण त्यासाठीं अगदीं हाताच्या अंतरावर राहावें लागतें, व उडालेली फळी कधीं कधीं त्या भिंगावरच येऊन आदळते. १९९५ सालीं निघालेला सोनीचा व्हीएक्स-१००० हा कॅमेरा या कामांत इतका रुळला कीं, त्याहून सुस्पष्ट चित्र देणारीं यंत्रें आल्यावरही कित्येक छायालेखक तोच हुडकून वापरतात. दगडावर फळी आपटल्याचा त्यांतला आवाज त्यांस फार प्रिय. स्वार फितींत क्वचितच बोलतो. बोलतात तीं चाकें.

चित्रणापूर्वीं फरशीच्या भेगा बुजवाव्या लागतात, ओट्याच्या कडेस मेण चोळावें लागतें, आणि रात्रीं जनित्र लावून उजेड करावा लागतो. परवानगी बहुधा घेतलेली नसते. पहारेकरी हांकलून देतो तेव्हां ही मंडळी कुरकुरतात. पण कडा झिजून तुटतात त्या इमारतीच्या मालकाच्या, आणि त्याची तक्रार अगदींच गैर म्हणतां येत नाहीं. कित्येक मालक आतां ओट्यांवर धातूचे खुंट ठोकून ठेवितात. स्वारांच्या डोक्यावर शिरस्त्राण बहुधा नसतें. यांत शौर्य कोणतें, हें मात्र समजणें कठीण.

फितीस कलेचा दर्जा आणणाऱ्यांत १९९१ सालच्या ‘व्हिडिओ डेज’चें नांव अग्रभागीं घेतात. मार्क गोन्झालेस याच्या भागास त्यांत जॉन कोल्ट्रेनच्या जॅझ वादनाची जोड दिली आहे. ती दिग्दर्शित करणारा तरुण स्पाइक जोन्झ पुढें ‘हर’ चित्रपटाच्या पटकथेसाठीं २०१४ सालीं ऑस्करचा मानकरी झाला.

आतां त्या एकसंध दृश्याची किंमत पाहावी. फ्रान्समधील ल्यों शहरांत पंचवीस पायऱ्यांचा एक जिना आहे. ‘सॉरी’ या २००२ सालच्या फितीसाठीं स्वीडनच्या अली बुलालानें तो एका उडींत ओलांडण्याचा यत्न केला. उडी साधली नाहीं. तरी त्याच्या पडण्याचीं दृश्यें फितींत ठेविलीं, आणि जिना प्रसिद्धीस आला. पुढें २०१४ सालीं अमेरिकेचा एरन होमोकी तेथें गेला, तो गुडघ्याचा अस्थिबंध फाटून परतला. दुसऱ्या वर्षीं तो पुन्हां गेला. सारा प्रसंग अवघ्या कांहीं सेकंदांचा आहे: स्वार वरून येतो, पायऱ्या खालून निघून जातात, फळी जमिनीवर आदळते, आणि तो तिच्यावर उभाच्या उभा दृश्याबाहेर जातो.