हृदयातील ‘ब्लॉक’: टक्का लहान, माणसे कोट्यवधी



हृदयात ‘ब्लॉक’ आहे म्हटले की आपल्याला अँजिओप्लास्टी आठवते. पण ब्लॉक दोन प्रकारचे असतात. एक रक्तवाहिनीतला, तो रक्त अडवतो. दुसरा हृदयातील विजेच्या संदेशाच्या वाटेवरचा. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड असतो. प्रत्येक ठोक्याचा संदेश तेथून निघतो, मधल्या एव्ही नोडमध्ये क्षणभर रेंगाळतो आणि उजव्या-डाव्या शाखांतून खालच्या कप्प्यांत पोहोचतो. या वाटेवर संदेश मंदावला किंवा अडला की त्याला वहनदोष म्हणतात.

चीनमधील प्रौढांत हा दोष शंभरात मोजक्यांनाच असतो. मी डॉक्टर नाही. पण समाजकार्यामुळे टक्केवारी माणसांत मोजण्याची सवय लागली आहे. 2020 च्या जनगणनेनुसार चीनची लोकसंख्या 141 कोटी, त्यांपैकी सुमारे 110 कोटी प्रौढ. शंभरात एकच धरला, तरी 1 कोटी 10 लाख माणसे होतात! शिवाय वयाबरोबर हा दोष वाढतो, आणि तेथे साठी गाठलेले व ओलांडलेले 26 कोटींहून अधिक आहेत.

यांतील अनेकांना काहीच त्रास नसतो, म्हणून रुग्णालयाच्या नोंदींत ते सापडत नाहीत. गावोगावी जाऊन धडधाकट दिसणाऱ्यांचाही ईसीजी काढला, तरच खरी संख्या कळते.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. फक्त उजव्या शाखेचा ब्लॉक किंवा पहिल्या पायरीचा एव्ही ब्लॉक असेल, तर बहुधा उपचार लागत नाहीत. पूर्ण ब्लॉक मात्र गंभीर. ठोके मिनिटाला 40 किंवा त्याहूनही खाली येतात, भोवळ येते, माणूस अचानक कोसळतो. तेव्हा पेसमेकरच जीव वाचवतो. चीनमध्ये 2021 साली सुमारे 1 लाख पेसमेकर बसवले गेले. लोकसंख्येच्या मानाने पश्चिम युरोपात हे प्रमाण कित्येक पट आहे. उपचाराचा खर्च आणि दूरचे रुग्णालय ही या तफावतीची मोठी कारणे आहेत.

हृदयाची रचना सर्वत्र सारखीच. म्हणून घरातील वडीलधारे चक्कर येऊन पडले, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देऊ नका. नाडी मोजा, आणि ती मंद असो वा नसो, डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी काढून घ्या. त्याला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि दुखत नाही.