चिमुकल्या हृदयाचा रोजमेळ

दुकान वाढवण्यापूर्वी रोजमेळ जुळवायचा, हा व्यापारी घराण्यांतील जुना संस्कार. हृदयात दोष घेऊन जन्मलेले बाळ ज्या घरी असते, तेथेही असाच एक रोजमेळ ठेवावा लागतो. त्यात रुपये-आणे नसतात. वजन, दूध, लघवी आणि औषध एवढेच रकाने असतात. परभणी जिल्ह्यातील वालूरसारख्या, शस्त्रक्रियेच्या रुग्णालयापासून दूर असलेल्या गावी तर शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत बाळाला सांभाळणारी पहिली परिचारिका त्याची आई किंवा आजीच असते.

दर हजार जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष आढळतो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असणे, हा त्यांतील नेहमीचा प्रकार. छिद्र मोठे असले तरी जन्मताच ते लक्षात येईलच असे नाही. पहिल्या काही आठवड्यांत फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब उतरत जातो, छिद्रातून फुप्फुसांकडे जादा रक्त वाहू लागते आणि महिना-दीड महिन्याचे बाळ धापा टाकू लागते. पिताना थांबून थांबून श्वास घेणे, कपाळाला घाम येणे, वजन न वाढणे ही लक्षणे दिसल्यास ‘दात येताहेत’, ‘दृष्ट लागली’ असे म्हणून दिवस दवडू नयेत. ओठ व जीभ निळी दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

अशा बाळाची मिळकत थोडी आणि खर्च अधिक असतो. श्वास घेण्यातच त्याची शक्ती वेचली जाते. म्हणून थोडे-थोडे, पण वारंवार पाजावे. अर्ध्या तासाहून अधिक वेळ ओढायला लावू नये. बाळ दमल्यास काढलेले आईचे दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्यावे. डोक्याची बाजू किंचित उंच धरावी. घुटी, मध किंवा वरचे पाणी देऊ नये. चौविहार पाळणाऱ्या घरांतही बाळाचे रात्रीचे पाजणे आणि औषध चुकता कामा नये. पाजत्या मातेने पर्युषणातील उपवास डॉक्टरांना विचारल्यावाचून धरू नयेत.

निरोगी तान्हे बाळ पहिल्या काही महिन्यांत दररोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढते. आजारी बाळाचे वजन डॉक्टर सांगतील तसे, एकाच काट्यावर, एकाच वेळी करून वहीत लिहावे. ओली दुपटी मोजावीत. दूध कमी होणे, दुपटी कोरडी राहणे, श्वासाची गती वाढणे किंवा एकाएकी वजन चढून पापण्या सुजणे, ही तातडीने डॉक्टरांना कळवण्याची चिन्हे आहेत.

औषधांचे थेंब अंदाजाने देऊ नयेत. सुईविना सिरिंजने मोजूनच द्यावेत. डिगॉक्सिनसारख्या औषधाची मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. बाळाने औषध ओकून टाकले तरी विचारल्याविना पुन्हा पाजू नये. लसीकरण वेळेवर करावे. बाळंतिणीच्या खोलीत धुरी-शेगडी नको आणि खोकल्या-पडशाचे पाहुणेही नकोत.

निळसर बाळ रडता-रडता एकाएकी अधिक निळे पडले, तर त्याला शांत करून दोन्ही गुडघे छातीशी दुमडून धरावे व तत्काळ रुग्णालय गाठावे. अशा बाळांसाठी एके काळी काहीच उपाय नव्हता. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. हेलन टॉसिग, डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि त्यांचे सहकारी विव्हियन थॉमस यांच्या प्रयत्नांतून निळ्या बाळावरील शस्त्रक्रिया झाली आणि ही वाट मोकळी झाली.

आज ती वाट वालूरपर्यंत पोहोचते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातील पालघर येथे झाला. या कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत बालकांची तपासणी करते आणि जन्मजात हृदयदोष आढळल्यास पुढील उपचारांसाठी पाठवते. तथापि तान्ह्या बाळाने पथकाची वाट पाहू नये. आशाताईंना सांगून सेलू अथवा परभणी येथे बालरोगतज्ज्ञांकडे जावे. नवी मुंबईतील खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. शस्त्रक्रियेनंतर छातीचे हाड सांधेपर्यंत, साधारण सहा ते आठ आठवडे, बाळाला काखेत धरून उचलू नये. एक हात मानेखाली आणि दुसरा कुल्ल्यांखाली घालून अलगद घ्यावे.

आपल्या परंपरेने वैयावृत्त्याला, म्हणजे सेवेला, अभ्यंतर तपांत स्थान दिले आहे. मध्यरात्री उठून चमच्या-चमच्याने दूध पाजणारी आई तेच तप आचरत असते. मात्र ते तिने एकटीने का करावे? रात्रीची एक पाळी आजीने घ्यावी, वहीतील नोंदी वडिलांनी कराव्यात आणि मुंबईच्या प्रवासाची व राहण्याची सोय समाजबांधवांनी पाहावी. हा रोजमेळ साऱ्या घराने मिळून लिहिला, तर ते चिमुकले हृदय शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत तग धरू शकते.