की-बोर्डच्या पोटातील स्क्रीन प्रिंटिंग

कॉम्प्युटरचा बंद पडलेला की-बोर्ड उलटा करून त्याचे स्क्रू काढून पाहावेत. वर प्लास्टिकची बटणे, त्याखाली रबराच्या लहान लहान टोप्यांची एक चादर आणि तिच्याखाली प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे. कोपऱ्यात एक छोटी सर्किट पट्टी. बस्स! शंभरावर बटणांचा विजेचा सगळा व्यवहार हे तीन पापुद्रे सांभाळतात, आणि ते छापले जातात ज्या पद्धतीने लग्नपत्रिका छापतात त्याच पद्धतीने, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगने. भाईंदर पूर्वेच्या गोडदेव-नवघर भागातील गाळ्यांत ज्यांचा हात फ्रेम आणि स्क्वीजीवर बसला आहे, त्यांनी हे काम समजून घेण्यासारखे आहे.

वरचा आणि खालचा पापुद्रा पॉलिएस्टरचा असतो. दोघांच्या समोरासमोरच्या बाजूंवर चांदीची पूड मिसळलेल्या शाईने रेघा छापलेल्या असतात. मधल्या पापुद्र्याला प्रत्येक बटणाखाली एक छिद्र असते. बटण दाबले की रबराची टोपी बसते, तिच्या आतला खुंट वरचा पापुद्रा छिद्रातून खाली ढकलतो आणि दोन रेघा एकमेकींना टेकतात. बोट उचलताच टोपी पुन्हा फुगून बटण वर येते. प्रत्येक बटणाला वेगळी तार लागत नाही. वरच्या रेघा आडव्या, खालच्या उभ्या मानल्या तर कोणती आडवी कोणत्या उभीला टेकली एवढे कळले की बटण ओळखता येते. आतली चिप हे सेकंदातून अनेकदा तपासत राहते.

ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीने १९८० आणि १९८१ मध्ये काढलेल्या झेडएक्स-८० व झेडएक्स-८१ या स्वस्त कॉम्प्युटरना सपाट पापुद्र्याचाच की-बोर्ड होता. आयबीएमने १९८५ पासून ‘मॉडेल एम’मध्ये रबराऐवजी स्प्रिंग बसवली, पण तिच्याखाली पापुद्रे ठेवलेच.

आज तयार की-बोर्ड बहुतांश चीनमधून येतात आणि त्या भावाला छोट्या गाळ्याने टक्कर देण्याच्या फंदात पडू नये. वाव आहे तो वजनकाटा, स्टॅबिलायझर, कारखान्यातील यंत्रे यांच्या चपट्या की-पॅडमध्ये. रचना तीच, फक्त रबराच्या जागी पोलादाची बारीक टिकली असते किंवा काहीच नसते, आणि वरच्या थरावर मालाचे नाव व खुणा छापतात. अशा ऑर्डरी पन्नास-शंभर नगांच्याही निघतात.

मात्र पत्रिका छापणे वेगळे आणि हे वेगळे. पॉलिएस्टर तापले की आक्रसते, म्हणून छपाईआधीच ते एकदा भट्टीतून काढून घ्यावे लागते. नाही तर थर एकमेकांवर जुळत नाहीत. शाई साधारण १२० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजावी लागते. कच्ची राहिली तर मीटरवर चालते, पण शेपटी वाकवली की रेघ तडकते. मधल्या थरातील छिद्रे एकमेकांना बारीक नाल्यांनी जोडतात, कारण कोंडलेल्या हवेमुळे बटण नीट दाबले जात नाही. छिद्रात एक केस अडकला तरी ते बटण मेले!

आपल्या भागात खरी परीक्षा पावसाळ्याची. उत्तरेला वसईची खाडी, आजूबाजूला मिठागरांची जमीन, हवेत ओल कायमची. ओल आणि विजेचा दाब एकत्र आले की चांदी एका रेघेकडून शेजारच्या रेघेकडे सरकू लागते, मध्ये केसासारखा धागा तयार होतो आणि न दाबलेले बटणही दाबल्यासारखे वागते. त्यासाठी रेघांत अंतर ठेवावे, वरून इन्सुलेटिंग शाईचा हात द्यावा आणि बाहेर येणाऱ्या शेपटीवर कार्बनची शाई छापावी.

भाव कमी करण्यासाठी चांदीच्या जागी सगळीकडे कार्बन वापरण्याचा मोह अनेकांना होतो. कार्बनचा विरोध चांदीच्या कितीतरी पट असतो. माल पहिल्या दिवशी चालतो, लांब रेघेवर आणि जुना झाल्यावर दगा देतो, आणि गिऱ्हाईक परत येते ते भांडायला. त्यापेक्षा चांदीचा भाव वाढला तर तो सरळ कोटेशनमध्ये धरावा आणि कोटेशन किती दिवस लागू, ते त्यावर लिहावे.

प्रत्येक नग मीटरने तपासावा. बटण दाबल्यावर विरोध शंभर ओहमच्या आत यायला हवा आणि सोडल्यावर मीटर पूर्ण उघडा दिसायला हवा. तुटलेली रेघ चांदीच्या रंगाने ब्रशने जोडता येते. तिला सोल्डर मात्र लावू नये, खालचे पॉलिएस्टर वितळते.