एक घर, तीन वये : मराठीचा अभ्यासक्रम कसा निवडावा?

इस्राएलमधल्या बेने इस्राएल घरात मुलांना मराठी शिकवायचे ठरले, की पहिला प्रश्न पुस्तकाचा येतो. शाळेत हिब्रू, मित्रांत हिब्रू, भावंडे आपसांत बोलतात तीही हिब्रूच. मराठी उरते ती आजी-आजोबांच्या तोंडी. अशा घरात सहा, दहा आणि चौदा वर्षांची तीन मुले असली, तर तीन इयत्तांची तीन पुस्तके वेगवेगळी शिकवायला वेळ कोणाला आहे? आणि पहिलीचे एकच पुस्तक तिघांपुढे ठेवले, तर चौदा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी बसायला येत नाही. धाकट्यापुढे "अ अननसाचा" म्हणायची त्याला लाज वाटते, आणि त्यात त्याची चूक नाही.

म्हणून पुस्तक निवडण्याआधी मुलाची पायरी पाहावी. वयावरून ती कळत नाही. प्रत्येक मुलाला दहा मिनिटे वेगळे घेऊन तीन गोष्टी कराव्यात. "कपाटातला निळा डबा आण" असे सांगावे. आणला तर ऐकलेले समजते. "काल काय जेवलास?" असे विचारावे, मराठीत उत्तर आले तर बोलता येते. मग पाच अक्षरे दाखवावीत. पुष्कळदा असे दिसते, की थोरल्याला सगळे समजते, पण तो उत्तर हिब्रूत देतो. त्याला प्रथम बोलते करायचे आहे, अक्षरे नंतर.

पुस्तकांची अडचण पूर्वीइतकी नाही. पुण्याच्या बालभारतीची, म्हणजे 1967 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तके आता पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. 'बालभारती' हे मराठी माध्यमाच्या मुलांचे पुस्तक. घरीदारी मराठी ऐकणारे मूल त्यात गृहीत धरलेले असते. सहावी-सातवी-आठवीसाठी 'सुलभभारती' नावाची पुस्तके आहेत, ती इतर माध्यमांच्या मुलांसाठी. त्यांतले धडे सोपे असूनही विषय मोठ्या मुलांचे असतात. थोरल्याला वाचता येऊ लागले, की त्याच्या हाती पहिलीचे पुस्तक न देता सुलभभारती द्यावी.

तिघांना एकत्र कसे बसवायचे, याचे उत्तर कोकणातल्या एकशिक्षकी शाळांनी फार पूर्वी दिले आहे. एक गुरुजी, एक खोली, चार इयत्ता. गोष्ट सगळ्यांना एकच सांगायची, पाटीवरचे काम मात्र ज्याचे त्याला वेगळे द्यायचे. मोठ्याने लहानाची पाटी तपासायची. घरीही हेच करावे : विषय एक, काम तीन प्रकारचे.

उदाहरणार्थ, एका आठवड्याचा विषय मलिदा. आजी मलिदा करील आणि करता करता मराठीत सांगेल, तिघेही ऐकतील. सहा वर्षांच्या मुलीने पोहे, नारळ, साखर, वेलची अशी नावे म्हणावीत आणि 'प' व 'न' ही दोनच अक्षरे गिरवावीत. दहा वर्षांच्याने पाच वाक्ये लिहावीत : आजीने पोहे भिजवले, नारळ खवला, साखर घातली... तो नारळ, ती वेलची, ते केळे हा फरकही इथेच शिकवावा, कारण हिब्रूत दोनच लिंगे आहेत. चौदा वर्षांच्याने शेजारच्या एखाद्या वृद्ध गृहस्थांना विचारावे, "तुमच्या गावी एलियाहू हनबीचा मलिदा कधी करत?" आणि उत्तर टिपून आणावे. आजीला 'तू' चालते, पण त्यांना 'तुम्ही' म्हणायचे. हिब्रूत हा भेद नसल्याने तो मुद्दाम सांगावा लागतो.

पुढच्या आठवड्यांना नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण असे विषय घेता येतील. आडनाव हाही चांगला विषय आहे. पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे. रायगड जिल्ह्याच्या नकाशावर मुलांनी आपले गाव शोधावे. घरात मराठी हगादा असेल, तर थोरल्यासाठी तिच्यासारखे वाचनपुस्तक नाही. हिब्रूवरून अर्थ त्याला आधीच ठाऊक असतो. मराठी भाषांतरासह हगादा पुण्यात 1874 सालीच छापली गेली होती, हेही त्याला सांगावे.

हिब्रू येणाऱ्या मुलाला काही गोष्टी सोप्या जातात. 'चूल', 'चमचा' यांतला 'च' त्याच्या त्सादेजवळचा आहे. मुलगा 'जातो' आणि मुलगी 'जाते' हेही त्याला नवे नाही. काना-मात्रा म्हणजे मराठीचे निकुद, असे सांगितले की पटकन कळते. फक्त मोठेपणी ती गळत नाही. अडते ते बात-भात, दार-धार, बाल-बाळ या जोड्यांत. त्या रोज मोठ्याने म्हणवून घ्याव्यात. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे लिहायची आणि उच्चारायची मात्र नंतर, इथे उजवीकडून लिहिणारा हात हमखास चुकतो. त्यासाठी रागावू नये.

वेळ आठवड्यातून दोनदा, पाऊण तास पुरे. पहिली दहा मिनिटे एकत्र गोष्ट, मग वीस मिनिटे ज्याचे त्याचे काम, उरलेला वेळ एकमेकांना दाखवण्याचा. शब्बाथला लिहायचे नसते, म्हणून त्या दिवशी फक्त बोलणे ठेवावे : जेवताना अर्धा तास मराठीच.

तीन महिन्यांनी परीक्षा घ्यावी, पण कागदावर नको. प्रत्येक मुलाने मुंबईच्या किंवा अलिबागच्या नातलगांना फोन करून पाच मिनिटे मराठीत बोलावे. जो मध्येच फोन आईकडे देईल, त्याचे पुस्तक बाजूला ठेवून बोलणे वाढवावे. जो बोलेल, त्याला पुढचा धडा द्यावा. पुस्तके पुढच्या वर्षीही मिळतील. आजीकडून ऐकायचे ते मात्र आजी आहे तोवरच ऐकता येईल. म्हणून अभ्यासक्रम कोणताही निवडला, तरी त्यातला पहिला तास तिचा असावा.