पश्चात्ताप म्हणजे वळणं

निघोज्याहून पुण्याला निघालेली गाडी नाशिकच्या रस्त्याला लागली, तर नुसतं हळहळून भागत नाही; ती वळवावी लागते. बायबलमधला पश्चात्तापही असाच. हिब्रू ‘शूव’ म्हणजे मागे फिरणं, ग्रीक ‘मेटानोइया’ म्हणजे मन पालटणं. मला जक्कय जकातदाराची गोष्ट सगळ्यांत स्पष्ट वाटते: येशू भेटल्यावर त्यानं अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, लुबाडलेलं चौपट फेडायचा शब्द दिला.

बाप्तिस्म्यानं हे आपोआप होतं असंही नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नव्हे, हे त्यांना बऱ्याच वर्षांनी उमगलं. पुढे १९०५ साली त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत, उघडपणे आपली पापं कबूल करू लागल्या.